जेबाची काडी

१

आबेदानं माझ्या ओट्यावर पितळी ताट ठेवलं, वरचा रुमाल बाजूला केला आणि म्हणाली, "बाई, बघा. माझ्या पोरीला कुणीतरी मारलं."

ताटात चार वाळक्या काड्या होत्या.

दुसरं कुणी असतं तर मी "डोकं ठिकाणावर आहे का गं?" असं तोंडावर विचारलं असतं. मी फटकळच. जन्मभर नांदेडात आणि मग लातुरात पोरांना वनस्पतीशास्त्र शिकवलं, त्यात गोड बोलायची सवय मोडली. पण आबेदा माझी शेजारीण. त्या काड्या काय आहेत ते मला माहीत होतं. मुळात ते झाड माझंच.

खूप वर्षांपूर्वी औशापलीकडच्या बोरखडी गावात कॉलेजचं शिबिर होतं. मी माझ्या काडी-निवडुंगाची कुंडी शाळेत दाखवायला नेली होती. जलील शिंप्याची जेबा नावाची पोरगी माझा हात सोडेना. "हे मेलेलं झाड तुम्ही पाळता कशाला?" म्हणाली. मी तिला एक काडी तोडून दिली आणि म्हटलं, "लाव, मग कळेल." तिनं तेलाच्या डब्यात लावली. ती वाढली. मग त्र्याण्णव साली भूकंप झाला आणि बोरखडी पडली. जेबा सापडली नाही. तिचा डबा अंगणात होता, तो तेवढा धडका राहिला.

आबेदाचा पाय मोडला होता. सोलापूरच्या दवाखान्यात जलीलभाईंनी तो डबा तिच्या खाटेखाली आणून ठेवला. पुढे दोघं लातूरला आली, माझ्या शेजारी राहिली. त्या झाडाला वर्षातून एकदाच, उन्हाळा सरता सरता, दिवेलागणीला फूल यायचं. पांढरंशुभ्र, तळहाताएवढं, आणि सगळी गल्ली घमघमायची. त्या संध्याकाळी आबेदा नवी ओढणी घ्यायची. "आज पोरीनं श्वास घेतला," म्हणायची. झाड हाय तवर पोरगी हाय, एवढाच तिचा हिशेब.

"औंदा कळ्याच न्हाई आल्या," ती म्हणाली. "काल हात लावला तर काडी बुडातून निघून आली. कुजली होती. बाई, झाड गेलं म्हणजे पोरगीही..."

कालपासून ती अन्नाला शिवली नव्हती, हे मला तिच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या पोरींनी सांगितलं होतं.

मी चष्मा लावला. एक काडी उचलली आणि वरच्या अंगानं कट्कन मोडली. मोडल्या जागी पांढरा थेंब आला. दुधासारखा, चिकट.

मी दुसरी मोडली. तिलाही तसाच.

"आबेदा," मी म्हटलं, "तुझं झाड मेलं नाही. हे तुझं झाडच नाही."

२

या काडी-निवडुंगाला चीक नसतो. कापलात तर पाणी निघेल, दूध नाही. शिवाय जेबाच्या झाडाची काडी पेन्सिलीएवढी बारीक असली तरी तिला चार-पाच कंगोरे आहेत, आणि कंगोऱ्यावर लोकरीच्या ठिपक्यासारख्या गाद्या. प्रत्येक गादीतून बारीक काट्यांचा झुपका. ताटातली काडी गोल, गुळगुळीत. तो होता शेर, शेताच्या कुंपणाला लावतात तो. त्यातूनही कुणीतरी जुना, राखाडी सालीचा शेर निवडून कापला होता, म्हणजे लांबून बघणाऱ्याला फरक कळू नये. आबेदाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि ती झाडाला हात लावत नसे, फक्त पाणी घालायची.

"पण बाई, बदललं कुणी? कशासाठी?"

"ते मी शोधते. तू आधी चार घास खा."

मी तिच्या घरी गेले. या घराला गल्लीतली पोरं घाबरतात. कारण त्याचं दार कधी बंद नसतं. रात्री, दुपारी, गावाला गेलं तरी नुसतं लोटलेलं. वाऱ्यानं करकरलं की आतून आबेदाचा आवाज येतो, "आली का?" पहिल्यांदा ऐकणारा दचकतोच. मला इतक्या वर्षांत सवय व्हायला हवी होती, ती झाली नाही. पोरगी आली आणि दार बंद दिसलं तर परत जाईल, म्हणून तिनं आतून कडी म्हणून लावली नाही.

थोडक्यात, आत कुणीही शिरू शकत होतं.

जलीलभाई मशीनवर होते. लातुरात क्लासचं पीक आल्यापासून त्यांना उसंत नाही. बाहेरगावच्या पोरी शिकायला येतात, त्यांच्या गाद्यांचे अभ्रे, ड्रेस, पडदे. निळं, खाकी, फुलाफुलांचं कापड मांडीवर. पांढरं तेवढं ते घेत नाहीत, लवकर मळतं म्हणतात. उजव्या डोळ्यावर त्यांनी रुमाल बांधला होता.

"डोळे आलेत, बाई. जवळ येऊ नका."

आलेच असतील. गावात डोळ्यांची साथ होती.

"झाड कधी बदललं असेल, काही अंदाज?"

"आबेदा पंधरा दिवसांमागं मुदखेडला गेली होती, भाच्याच्या, अकरमच्या लग्नाला. त्या आठवड्यात झालं असंल. मी हितंच होतो. मशीनवरून उठलो न्हाई. अभ्र्यांचं काम होतं." त्यांनी मांडीवरचा अभ्रा उलटा केला. "काय करायचं शोधून, बाई? गेलं ते गेलं. तिला समजवा."

आबेदा आतून म्हणाली, "समजवू नका, शोधा. तो निलंग्याचा विरूपाक्ष दोनदा मागून गेलाय. आणि ते वरदसर पण. पोरींच्या वर्गात दाखवायचं म्हणून हट्ट धरून बसले होते."

"आणि वरची मुग्धा?" जलीलभाईंनी विचारलं. "ती झाडाला भ्यायची. टाकून द्या म्हणायची."

तीन नावं मिळाली. पण कुंडी बघताना मला एक गोष्ट खटकली. माती तळापर्यंत उकरलेली होती, अगदी हळू हातानं, कुंडीला टवकाही न उडवता.

३

वरद माझा जुना विद्यार्थी. आता त्याचा मोठा क्लास, चौकाचौकात त्याचे फोटो, हात छातीशी बांधलेले. ऑफिसात गार हवेत काळा चष्मा लावून बसला होता.

"डोळे आलेत मॅडम. दोन्ही. घरात सगळ्यांना."

"आबेदाचं झाड तू नेलंस?"

"मॅडम!" तो खुर्चीतून उठलाच. "मी मागितलं होतं, खरंय. पण मला हवं असतं तर दोन काड्या तोडून नेल्या असत्या की. काडी लावली की लागते. अख्खं झाड कोण उचलेल?"

"त्याच्या मुळाशी काय असतं?"

"मूळ," वरद म्हणाला.

"वा! एवढे पोट्टे डॉक्टर करतोस आणि उत्तर हे?"

तो ओशाळला. पण खोटं बोलत नव्हता. त्या काडीखाली जमिनीत सुरणाएवढा कांदा असतो. वर सगळं वाळकं दिसतं, सगळा जीव खाली. उन्हानं काड्या करपल्या, शेळीनं खाल्ल्या, तरी कांदा पुन्हा कोंब काढतो. वरदला ते माहीत नव्हतं. ज्यानं कुंडी तळापर्यंत उकरली त्याला माहीत होतं.

विरूपाक्षला मात्र सगळं माहीत होतं. औसा रोडवर त्याची रोपवाटिका. मी विचारलं तर तो हसत सुटला.

"कांदा कशाला काढू ओ बाई? कांदा हलवला की ते झाड रुसतंय. दोन-तीन वर्षं फूल देत न्हाई. मी धंदेवाला, मला काडी बास हाय. चार काड्या, चार रोपं."

"आणि हा शेर? तुझ्याकडचा?"

त्यानं काडी लांबूनच पाहिली, हातात घेतली नाही. "शेर आता लातुरात ऱ्हायलाय कुठं? सगळी कुपाणं काढून होस्टेलं बांधली. शेर बघायचा तर औशापलीकडं, जुन्या गावठाणांत. आणि सांभाळा ओ, ह्याचा चीक लई वाईट. मागच्या साली माझ्या एका डोळ्यात थेंब उडाला, पंधरा दिवस आंधळा होतो."

"कुठल्या गावठाणात?"

विरूपाक्षचं हसू गेलं. "आहेत की सगळीकडं. बोरखडीला लई हाय. पण मी तिकडं जात न्हाई. ती जागा चांगली न्हाई, बाई."

"म्हणजे?"

"माणूस न्हाई, काणूस न्हाई. नुसते दगड. आणि वर्षातून एकदा दिवेलागणीला वास सुटतोय. अत्तराचा. मी स्वतः घेतलाय. मेंढरं घेऊन गेलेली माणसं पळून आली. भानामती हाय म्हणत्यात." त्यानं आवाज खाली घेतला. "औंदा मात्र न्हाई आला वास. उन्हाळ्यात जेसीबी लावून दगड नेले ना बांधकामाला. सगळं खरवडून काढलं. तवापासून बंद."

परतताना रिक्षात मला एक गोष्ट आठवली. काडी-निवडुंगाची एक खोड आहे. एकाच झाडाच्या काड्यांपासून वाढलेली झाडं कितीही लांब असोत, ती बहुतेक एकाच संध्याकाळी फुलतात. बोरखडीत अत्तराचा वास येत होता. मी त्या गावात एकच काडी दिली होती. मग दुसरं झाड तिथं लावलं कुणी?

४

मुग्धा मुखेडची. वडील शाळामास्तर, पोरीनं डॉक्टर व्हावं म्हणून इथं ठेवलेली. मी गेले तेव्हा तिचेही डोळे लाल होते.

"तुलाही साथ?"

"नाही मॅडम. रडले." चाचणीत मागे पडली होती. "आणि मी झाड नेलं नाही. आई शप्पथ."

"भीतेस ना पण त्याला?"

"झाडाला नाही." तिनं दाराकडे पाहिलं. "चाचींना भीते. त्या संध्याकाळी त्याच्याशी बोलतात. 'जेबा, पोरी अभ्यास करतायत, हळू ये.' आणि मग खालचं दार वाजतं. मॅडम, मी पायऱ्या उतरत नाही त्या वेळी. चाची मायेनं जेवू घालतात, माझ्यासाठी वेगळी भाकरी ठेवतात, पण कधीकधी मला जेबा म्हणतात. मग मला वाटतं, मी कुणाच्या तरी जागेवर बसलेय."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चाची मुदखेडला होत्या तेव्हा घरी कोण आलं होतं?"

"कुणी नाही. काकाच होते. म्हणजे एक दिवस नव्हते. मी बाबांना आणायला स्टँडवर गेले होते ना, तर काका औशाच्या गाडीतून उतरले. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी लांब होतं. मी हाक मारली तर ऐकलंच नाही. डोळा चोळत होते सारखे."

"एकच डोळा?"

"हो. उजवा."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी खाली उतरले. मशीनचा आवाज येत होता.

५

आबेदा नळावर भांडी घासत होती. मी जलीलभाईंच्या समोर स्टूल ओढून बसले.

"रुमाल काढा."

"बाई, साथीचं..."

"साथ दोन्ही डोळ्यांना येते. घरभर पसरते. वरदच्या घरात सगळ्यांना आली. तुमच्या घरात आबेदाला नाही, पोरींना नाही, तुमच्या डाव्या डोळ्याला नाही. हा शेराचा चीक आहे. तुम्ही मशीनवरून उठला नव्हता म्हणता, मग औशाच्या गाडीतून कोण उतरलं?"

मशीन थांबलं.

"काही वर्षांपूर्वी मी झाडाची कुंडी बदलली तेव्हा तो कांदा तुम्ही दोन्ही हातांत धरला होता. वरदला तो ठाऊक नाही. विरूपाक्षला ठाऊक आहे, पण त्याचं काडीवर भागतं. आणि खरं सांगू, माझा संशय तिथंच फिरला. चोर झाड नेतो आणि चालता होतो. मागे दुसऱ्या काड्या रोवून जाईल कोण? आबेदाला दुःख होऊ नये असं वाटणाराच ना?"

त्यांनी रुमाल सोडला. डोळा सुजून लालभडक. दुसऱ्यातून पाणी गळत होतं.

"जलीलभाई, बोरखडीत दुसरी काडी कशावर लावली होती तुम्ही?"

बराच वेळ ते कापडाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "मी मिट्टी दिली तिला. माझ्या हातानं."

"जेबा सापडली होती?"

"हाव. तिसऱ्या दिवशी. चेहरा ऱ्हायला नव्हता, बाई. हिरवा फ्रॉक होता. शिलाई माझी होती, मी वळखणार न्हाई का? कफनाला कापड कुठून आणायचं? दुकानाच्या ढिगातून शाळेच्या ड्रेसचा पांढरा तागा ओढून काढला." त्यांचे हात मांडीवर उलटे पडले होते. "कबरीवर हिरवी फांदी लावायची असती आमच्यात. सगळीकडं धूळ न् दगड. हिरवं कायबी नव्हतं. तिच्या डब्यातलीच काडी मोडून लावली. ती पण वाळकीच. मला काय ठाऊक ती जगंल म्हणून."

"मग आबेदाला सांगितलं का नाही?"

"सोलापूरला गेलो सांगायलाच. तिचा पाय बांधलेला. मला बघून आधी तीच म्हणाली, 'सापडली न्हाई ना? मग हाय कुठंतरी. हाय ना?' मी मान हलवली. एकदाच हलवली, बाई. त्यानंतर परत घ्यायला तोंडच न्हाई."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. एक बाई जन्मभर उघड्या दाराकडे कान लावून बसली आणि हा माणूस शेजारी अभ्रे शिवत बसला! पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी स्टूल थोडं जवळ ओढलं.

"उन्हाळ्यात गेलो तर जेसीबीनं सगळं सपाट केलेलं. झाड गेलं. कबर कुठली, रस्ता कुठला, कळंना. दोन दगडांवरून, विहिरीवरून अंदाज घेत जागा काढली. आता खूण न्हाई ठेवली तर पुढच्या साली मलाबी सापडणार न्हाई. नुसती काडी लावून भागलं नसतं. कांदा धरायला वर्षं लागत्यात म्हणालात तुम्ही. माझ्याकडं तेवढी वर्षं कुठं हायत? म्हणून अख्खं नेलं." ते खाली वाकले. "वाटलं, फूल न्हाई आलं तर एक साल रडंल. शेर लागला तर झाड हाय असं तरी वाटंल."

"शेराला ही आबेदा मुलगी म्हणून जन्मभर पाणी घालणार होती?"

त्यांनी सुई कापडात खोचली.

"उद्या तिला तिकडं घेऊन चला. मी येते. आणि सांगायचं तुम्ही."

"माझ्यानं बोलवणार न्हाई, बाई."

नळावरचा भांड्यांचा आवाज थांबला होता. किती वेळापासून, कोण जाणे.

६

आबेदानं काही ऐकलं असेल तर दाखवलं नाही. झाड सापडलंय, एवढंच मी सांगितलं. ती नवी ओढणी घेऊन रिक्षात बसली.

बोरखडीत उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. गाव नवीन ठिकाणी गेलं, इथं नुसता माळ. शेराची कुंपणं तेवढी उभी, आत कुठलंच घर नाही. पायाखाली फुटक्या बांगड्या, पाट्याचा तुकडा. वारा होता, पण कशाचा आवाज येत नव्हता, कारण वाजायला दारच नव्हतं. मला तिथं थांबावंसं वाटेना.

एका बोराटीच्या सावलीत जेबाची काडी उभी होती. भोवती हातानं केलेलं आळं, ओलं.

"हेच!" आबेदा पोरीसारखी पुढे धावली. बोटांनी कंगोरे चाचपले, काटे टोचले तशी हसली. "हेच हाय बाई! जिवंत हाय! पण हितं कुणी लावलं?"

तिनं मागे वळून पाहिलं. जलीलभाईंनी चपला काढल्या होत्या. डोक्यावर रुमाल घेतला होता, आणि दोन्ही हात छातीपुढे उघडे धरून ते फातेहा, कबरीवरची दुआ, पढत होते.

फातेहा कुणासाठी पढतात, हे काय तिला सांगायला हवं होतं?

ती हळूहळू खाली बसली. मी धरायला गेले तर तिनं हात झटकला. बराच वेळ तिनं माती चापटली, झोपलेल्या लेकराला थोपटतात तशी. मग मान वर न करता विचारलं, "अंगावर काय होतं?"

"हिरवा फ्रॉक."

"ईदचा?"

"हाव."

"आणि तुम्ही मला मुर्दाड दारासमोर बसवून ठेवलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तो ऐकून मी दोन पावलं मागे झाले. जलीलभाई हात खाली न घेता रडत होते.

मी मास्तरणीचं काम केलं. आळ्यापासून वीतभर अंतरावर माती थोडी उचललेली दिसली. बोटानं उकरलं. जेसीबीनं वरचं सगळं नेलं होतं, पण खोल गेलेला जुना कांदा तसाच होता. त्याला नवा कोंब फुटला होता, करंगळीएवढा.

"जलीलभाई, तुमची काडी मेलीच नव्हती," मी म्हटलं. "अजून थोडं थांबला असता तर चोरी करावी लागली नसती."

आबेदानं तो कोंब बघितला. ओढणीचा पदर सोडवून तिनं त्यावर सावली धरली आणि मग मात्र मोठ्यानं रडली. मीही रडले. सांगायला लाज कसली?

कुंडीतलं झाड परत आणायचं का, असं मी निघताना विचारलं. "राहू द्या," ती म्हणाली. "तिचं तिच्याजवळ."

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आबेदा सरळ आत गेली. जलीलभाई पायरीवर चढणार तोच दार त्यांच्या तोंडावर मिटलं आणि आतून कडी वाजली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वरून मुग्धा खिडकीत आली. जलीलभाई पायरीवर बसून राहिले. मी माझ्या ओट्यावर बसले. गल्लीतली क्लासची पोरं वह्या घेऊन गेली, परत आली.

मग कडी निघाली.

"मुग्धा वर हाय का?" आबेदानं विचारलं.

"आहे चाची."

"खाली ये. भाकरी गार होऊन राहिली." मग पायरीकडे न बघता म्हणाली, "तुम्हीपण या. डोळ्यात तूप घालायचंय."

दोघं आत गेली. आबेदानं उंबऱ्यात उभं राहून एकदा गल्लीच्या टोकापर्यंत बघितलं, रोज बघते तसं. मग दार ओढलं, आणि घरातली सगळी माणसं आत आल्यावर लावतात तशी कडी लावली.